एका माणसाला एक कप्पा

दवाखान्यात कुजबुज अशी होती, की एक्स-रे विभागातल्या रेकॉर्डवाल्या मावशींनी संगणकवाल्या विधुराचा हात धरला. भर दुपारी, दार सताड उघडं, आणि निवृत्तीला जेमतेम दोन महिने! दारावरून गेलेली आया हे इतकं रंगवून सांगायची, की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हावा. "सगळा दवाखाना मावशी म्हणतो, हा एकटाच 'बाई' म्हणतो. काय ते समजा!"

मावशींनी तीस वर्षं एक्स-रेची पाकिटं लाकडी कप्प्यांत लावली. एका माणसाला एक कप्पा, वर त्याचं नाव, बापाचं नाव, आडनाव. पुढे फोटो मशीनमध्ये गेले, मावशींना फिरती खुर्ची मिळाली, पण रीत मोडली नाही. फाइलीला तेच तीन शब्द, मध्ये मोकळी जागा.

ते मशीनही आता दमेकऱ्यासारखं धापा टाकत होतं. फोटो नव्यावर हलवायला संगणकवाला आज्ञांची यादीच लिहून घेऊन आला. आधी जुन्या मशीनला फाइलींची नावं विचारायची, उत्तरातलं एकेक नाव मशीनमधल्या एकेका कप्प्यात भरायचं, मग कप्प्यागणिक फोटो पलीकडे न्यायचा. शेवटी जुनी डिस्क कोरी.

"म्हणजे माझंच काम की हे!"

"तुम्हाला तीस वर्षं लागली, बाई. याला तीस सेकंद."

"जीभ बघा केवढी! चालवा तुमचं."

पहिल्या टप्प्याला आकडा उमटला. कप्पे भरले : नऊ हजार तीनशे बारा.

"बघा!" म्हणत त्याचं बोट पुढचं सगळं उरकणाऱ्या कळीकडे निघालं. मावशींच्या वहीत फोटोंची नोंद होती तीन हजार एकशे चार. त्यातल्या सहा जणांची सोमवारी ऑपरेशनं होती, आणि त्यांचे फोटो दुसरीकडे कुठेच नव्हते. मावशींनी त्याचं मनगट गच्च पकडलं.

"थांबा हो! इतकी माणसं या दारातून आलीच नाहीत."

"मशीन मोजायला चुकत नाही, बाई."

"मग पहिला कप्पा उघडा."

उघडला. त्यात नुसतं नाव. दुसऱ्यात एकटा बाप. तिसऱ्यात आडनाव. मोकळी जागा दिसेल तिथे मशीननं कापलं होतं, एकेका माणसाचे तीन तुकडे! अशा अर्धवट नावांचा फोटो एकही सापडला नसता, पलीकडे काही गेलं नसतं, आणि डिस्क मात्र इमानेइतबारे पुसली गेली असती.

संगणकवाल्यानं यादी पुन्हा उघडली. तिच्यातली एक आज्ञा बदलली : कापायचं ते नावाची ओळ संपेल तिथेच. पुन्हा चालवलं.

तीन हजार एकशे चार.

मग पडद्यावर नावं धावू लागली. मोडलेला खुबा, लहानग्याचं मनगट, गवंड्याचा पाय, एकेक अख्खा माणूस आपापल्या कप्प्यात जाऊन बसत होता. मावशींचा हात नकळत तोंडावर गेला. आपलं सगळं आयुष्य कुणीतरी श्वास घ्यायच्या आत, एकही माणूस न सांडता लावून दाखवतंय, असं त्यांना वाटलं. त्या कितीतरी वेळ उभ्याच होत्या. खुर्ची मागे रिकामी.

आता कुजबुजीचं. मावशींनी हात धरला होता, हे खरं. त्यानं ती कळ दाबू नये म्हणून धरला होता.