कुंकवाच्या करंड्यातला तांबेरा

गव्हावर तांबेरा पडला म्हणून पेढे वाटणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच झाला, आणि तो नेमका माझा थोरला साडू निघाला. पेढा तोंडात असतानाच मला कारण कळलं, त्यामुळे तो घशाखाली उतरेना. तांबेऱ्याच्या नारिंगी भुकटीवर जगणाऱ्या, तिळाहून बारीक अळ्या त्यांना केदारखेड्याच्या शेतात सापडल्या होत्या. सगळं गाव फवारणीला धावलं. साडू मात्र बांधावर भिंग घेऊन पालथे. "रोगालाच खाऊन राह्यल्या, साडूभाऊ. मंग औषधाचा खर्चा कशाला?" पुढे त्या अळ्या बशीतून घरात आल्या. जालना शहरात मस्तगडला आमच्याकडे मुक्कामाला येतानाही बशी बरोबर. धुराने अळ्या गुदमरतात म्हणून त्यांनी माझ्या बायकोला देवापुढची उदबत्ती विझवायला लावली.

एवढ्यावर भागलं असतं, पण केदारखेड्याला त्यांच्या मुलीला, सुमनला बघायला पाहुणे आले. बाप वेडा आहे हे कानावर गेल्याने दोन स्थळं आधीच फिरली होती. म्हणून त्या दिवशी साडूंना तोंड उघडायची मनाई होती. पोहे झाले, मुलगी पसंत पडली, सुपारी फुटायचीच काय ती बाकी. निघताना आक्काने, म्हणजे साडूंच्या बायकोने, मुलाच्या आईला कुंकू लावायला घाईघाईत आपला पितळी करंडा उघडला. झाकण सैल, आत हवा जाते, म्हणून साडूंनी तो अळ्यांसाठी पळवून त्यात तांबेऱ्याची भुकटी भरली होती, हे तिच्या गावीही नव्हतं.

मी समोरच होतो. बाईंच्या कपाळावरचं कुंकू हललं. माझेच डोळे फसले असं मला वाटलं. मग ते डाव्या भुवईकडे चालू लागलं. बाईंनी बोट लावून पाहिलं आणि अशी किंकाळी फोडली की गोठ्यातल्या म्हशी उठल्या. तेवढ्यात दोन तास गप्प बसलेले साडू बोलले, "पुसू नका ताई, जित्त्या हायेत."

पाहुणे चपलासुद्धा न घालता जीपमध्ये बसले. करंडा ओसरीवर पालथा पडला होता. साडू खांबाला टेकले. "पोरीचं मीच वाटोळं केलं," एवढंच म्हणाले. सुमन बाहेर आली, नव्या साडीनिशी जमिनीवर बसली आणि फुलवातीच्या टोकाने एकेक अळी पानावर घेऊ लागली.

"राहू दे बाई आता."

"यांनी काय केलं, बाबा? पाय उचला जरा, खाली एक हाय."

साडूंनी पाय उचलला. तो तसाच अधांतरी धरून ते रडत राहिले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच मला त्यांचं हसू आलं नाही.