माझ्या नवऱ्याचा आवाज

माझा नवरा कंट्री गायचा. अमेरिकेतल्या गावाकडची गाणी. घोडे, दारू, सोडून गेलेली बाई. वसईत केळीच्या वाडीत वाढलेल्या मुलाला त्यात काय सापडलं ते मला कधी नीट कळलं नाही. पण तो गायला लागला की वाटायचं, ह्याचंच काहीतरी हरवलंय.

सुरुवात आखातातल्या फुजैरा बंदरात, एका हॉटेलच्या बारमध्ये झाली. समोर जहाजांवरून उतरलेले खलाशी, निम्मे झिंगलेले. मी मागे उभी राहून साथीला गायचे. दुबईत आलो आणि त्याचं नाव झालं. नाताळच्या डान्सला मस्कतहून माणसं यायची. दोन सीडी निघाल्या. करामाच्या बाजारात मासळी घ्यायला गेलो तरी कोणीतरी "हबीबी, एक फोटो" म्हणून अडवायचं. त्याला ते फार आवडायचं.

मग आवाज बसला. एसी, धूर, रोजचं गाणं, कारणं हाताशी होती. मिठाच्या गुळण्या करत त्याने बरेच महिने काढले. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, कॅन्सर आहे, स्वरयंत्र काढावं लागेल.

"फिर मैं गाऊंगा कैसे?"

डॉक्टर केरळचे होते. म्हणाले, "पहले आप ज़िंदा रहिए."

ऑपरेशनच्या आधी मी म्हटलं, "मुलासाठी काहीतरी बोलून ठेव. फोनवर रेकॉर्ड करू."

"नको. आहे ते सीडीवर आहे."

सीडीवर सगळं इंग्रजी होतं. घरात तो ज्या बोलीत मला हाक मारायचा, भांडायचा, तिच्यातलं एक वाक्यही कुठे राहिलं नाही.

ऑपरेशननंतर, दुबईत तो ज्या हॉटेलात गायचा तिथला मॅनेजर घरी आला. फुलं घेऊनच आला होता, पण बोलला कॉन्ट्रॅक्टचं. "मॅडम, आता तुम्हीच गा." मुलाची शाळा होती, घरभाडं होतं. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने होकाराची मान हलवली.

पहिल्या शुक्रवारी तो आला. गळ्यावरचं भोक झाकायला रुमाल बांधून पुढच्याच टेबलाशी बसला. कोणीतरी त्याच्या गाण्याची फर्माईश केली. मी गायले. टाळ्या थांबेनात. तोही वाजवत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. मान वळवून मागच्या लोकांकडे बघत होता. त्यानंतर तो कधी आला नाही.

एकदा मी स्वयंपाक करताना नवीन गाणं घोळवत होते. तो आत आला, ओट्यावरचा एक्झॉस्ट फॅन फुल केला आणि निघून गेला.

"तुला नको असेल तर गाणं सोडते मी," मी ओरडून म्हटलं.

तो बाहेर सोफ्यावर पाठ करून बसला होता. मुलगा म्हणाला, "मम्मी, डॅडी जस्ट नीड्स टाइम."

पुढे तो वसईला भावाकडे गेला. व्हिडिओ कॉलवर मीच बोलायचे. थोडा वेळ मान हलवून तो फोन भावाच्या हातात द्यायचा. आजार फुप्फुसात उतरल्याचं मला भावानेच कळवलं.

मुलाला घेऊन मी वसईला पोचले तेव्हा तो शुद्धीवर होता. माझा हात धरून ओठ हलवत राहिला. मला काही कळेना. जावेने विचारलं, "काय म्हणतोय?"

"पाणी मागतोय," मी म्हटलं आणि चमचा पुढे केला. त्याने तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गेला.

दफनाला गाव लोटलं होतं. त्यातल्या बहुतेकांनी त्याला गाताना कधी ऐकलंच नव्हतं. चर्चच्या पायरीवर एका म्हाताऱ्याने मला विचारलं, "तिकडे कामाला कुठे होता गं?"

"गायचा."

"ते झालं. पण नोकरी?"

"हॉटेलात," मी म्हटलं. त्याचं समाधान झालं. मुलाची परीक्षा होती, म्हणून आम्ही त्याच आठवड्यात परत आलो.