कुंकवाच्या आरशातला मंद्रूपचा रस्ता

सोलापूरच्या मिलमध्ये विणकाम खात्यात मास्तरकी करताना साच्यांच्या, म्हणजे मागांच्या, खडखडाटाने माझे कान गेले. मोटार मात्र मी सोडली नाही. लेकीला, कमळाला, पहिल्या बाळंतपणासाठी मंद्रूपहून आणायचं ठरलं, तेव्हा तिच्या सासऱ्यांचा निरोप आला, की बहिऱ्याच्या मोटारीत सून बसणार नाही. मी असा भडकलो! बायको म्हणाली, "अहो, आधी जाऊन तर बघू."

सकाळीच भवानी पेठेतून निघालो. हिच्या कुंकवाच्या पेटीतला आरसा मोटारीच्या बाजूला तारेने घट्ट बांधला, म्हणजे मागचा रस्ता दिसतो. शिवाय आमची जुनी खूण आहेच. मागे बसून हिने खांद्यावर एक थाप दिली की मागून कुणी येतंय, दोन थापा म्हणजे थांबा.

शहर सुटलं की मंद्रूपकडे जाणारा विजापूरचा रस्ता नुसती खडी आणि धूळ. जाणाऱ्यांनी पाण्याचा डबा आणि जादा ट्यूब जवळ ठेवावी. पेट्रोलपेक्षा प्रवासी नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीचं भाडं स्वस्त पडतं, पण तिच्यात माणसं कोंबतात, पोटुशी पोर तिथे कशी बसवणार? सीना नदीच्या काठी कडक भाकरी, शेंगाचटणी आणि कांदा खाल्ला. चव होती, पण माझं लक्ष जेवणात नव्हतं.

व्याही ओसरीवरच बसले होते. साच्यांच्या गोंगाटात ओठ वाचायची सवय लागलेली, पण त्यांच्या झुपकेदार मिशांपुढे मी हात टेकले. त्यांचं बोलणं ही माझ्याकडे तोंड करून सांगत होती.

"माग्नं गाडी आली तर ह्यास्नी कळायचं कसं? पोरीच्या जिवाशी खेळ न्हाय करायचा."

"तुम्हीही चला," मी म्हणालो. "भरवसा वाटला नाही, तर कमळाला वाटेतच उतरवून घ्या."

"व्हय, येतो की! न्हाय पटलं तर नदीवरनंच माघारी आणीन."

कमळा मागे हिच्याजवळ बसली आणि व्याही माझ्या शेजारी दार घट्ट धरून बसले. थोड्या वेळाने आरशात धुळीचा लोट दिसला. मी मोटार डावीकडे घेऊन थांबवली, मग खांद्यावर हिची थाप पडली. सर्व्हिस मोटार धडधडत पुढे गेली. व्याह्यांनी आरशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांच्या मिशा हलल्या.

"ते म्हणताहेत, भोंगा वाजायच्या आदीच तुमी बाजूला झाला हुता," हिने पुढे वाकून, माझ्याकडे तोंड करून सांगितलं.

नदी आली. ते आता कमळाला उतर म्हणतात की काय, या धास्तीने शेजारी पाहिलं, तर व्याही तोंड उघडं टाकून गाढ झोपलेले! मला इतकं हलकं वाटलं, की डोळ्यांत पाणी आलं.

घरी पोचल्यावर हिने आरसा मागितला. म्हटलं, राहू दे तिथेच. धूळ, भाकरी सगळं विसरेन, पण संध्याकाळचा चहा विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी व्याही सर्व्हिस मोटारीने परत जायचे होते. चहाची बशी खाली ठेवून ते माझ्यासमोर येऊन बसले. दोन्ही हातांनी मिशा वर धरल्या आणि ओठ नीट दिसतील असे सावकाश म्हणाले,

"सकाळी मला तुमीच सोडा की."