पित्त नव्हतं ते

आमच्या ह्यांच्या छातीत दाटायचं आणि मी त्यांना कोकमाचं सरबत द्यायचे. एकदा-दोनदा नव्हे, दिवाळीपासून शिमग्यापर्यंत. आमची आंब्याच्या कलमांची बाग वर सड्यावर, कातळाच्या माळावर, आणि घर खाली, कुणकेश्वरच्या रस्त्याला. मधली घाटी चढताना हे अर्ध्यावर थांबायचे, छातीवर तळवा ठेवायचे आणि म्हणायचे, "पित्त झाला वाटता गो." मी सरबताची बाटली घेऊनच मागून चालायचे. दगडावर बसून हे सावकाश प्यायचे आणि पाच-सात मिनिटांत दाटणं जायचं.

"बघा, उतारला मा?" मी म्हणायचे. सोलं माझ्या हातची, वाळवलेली मी, गुण येणारच. मोठा तोरा होता मला त्या सरबताचा.

शिमग्याच्या आदल्या दिवशी मात्र हे ओटीवर बसल्या बसल्याच घामाने भिजले. सरबत दिलं, काही फरक नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे ईसीजी, काढली, गोळ्या दिल्या आणि ॲम्ब्युलन्सने थेट कोल्हापूरला धाडलं. तिथे मनगटातून बारीक नळी घालून अँजिओग्राफी झाली.

डॉक्टरीण माझ्या लेकीच्या वयाची. आधी किती दिवस असं होत होतं म्हणून विचारलं, तर मी सगळं सांगितलं, सरबतासकट. तिने शांतपणे विचारलं, "सरबत पिताना ते बसायचे का?"

"बसायचेच की! चढता चढता कोण पितो?"

"मग आराम पडायचा तो बसल्यामुळे, मावशी. चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं. रक्तवाहिनी अरुंद झालेली असली की ते पुरत नाही आणि छातीत दाटतं. माणूस बसला की हृदयाचं काम कमी होतं, दाटणं थांबतं. सरबताने काही केलं नाही."

ती रागावून बोलली असती तर मी उलट काहीतरी फटकारलं असतं. पण ती समजावून सांगत होती आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चार-साडेचार महिने मी माझ्या हाताने ह्यांचं दुखणं झाकून ठेवलं होतं.

मग तिने पडद्यावर ह्यांचं हृदय दाखवलं. काळ्या रेघा हलत होत्या. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या मुख्य वाहिन्या तीन. उजवीकडची जवळजवळ बंद. समोरची, सगळ्यात महत्त्वाची, सुरुवातीलाच अरुंद आणि पुढेही लांबवर तशीच. तिसरीत दोन ठिकाणी अडथळे. मला वाटलं होतं, रिपोर्ट म्हणजे पास किंवा नापास. इथे तर तीन रस्ते समोर ठेवले. नुसती औषधं, स्टेंट किंवा बायपास.

औषधं तर काहीही केलं तरी जन्मभर घ्यायचीच, पण एवढ्या आजाराला नुसती औषधं पुरणार नाहीत, असं ती म्हणाली. स्टेंट म्हणजे अरुंद जागी फुगा फुगवून जाळी बसवायची. माणूस लवकर घरी जातो. पण ह्यांना साखर, अडथळे लांबलचक आणि तिन्हीकडे, त्यामुळे वाहिन्या पुन्हा अरुंद होण्याची भीती जास्त. बायपासमध्ये छातीतली आणि पायातली रक्तवाहिनी घेऊन अडथळ्याच्या पुढे जोडायची. ऑपरेशन मोठं, जोखीम आहे, सावरायला दोन-तीन महिने. "पण ह्यांच्यासाठी पुढच्या वर्षांचा विचार केला तर मी बायपास सुचवेन. विचारा, काय वाटेल ते विचारा."

हे खाटेवरून म्हणाले, "म्हंजे पाट बुजलो तर बाजून दुसरो पाट काढूचो."

"अगदी तसंच," ती म्हणाली. ह्यांना तेवढ्यानेच समाधान. मला नाही. मी सतरा प्रश्न विचारले आणि तिने सतराही उत्तरं दिली.

तेवढ्यात मुंबईहून धाकट्या दिरांचा फोन. मी बायपासचं सांगताच म्हणाले, "वहिनी, छाती कशाक फाडतास? स्टेंट घाला, चार दिवसांत माणूस घरी!" फोन ठेवून मी ह्यांच्याकडे पाहिलं तर हे छताकडे बघत. "तू ठरव," म्हणाले. "तू सांगशीत ता."

हे आमच्या घरातलं नेहमीचंच. म्हैस कधी विकायची, लेकीला कुठल्या कॉलेजात घालायचं, सगळं मी ठरवायचं आणि ह्यांनी मान हलवायची. मला त्याचा कधी त्रास झाला नाही, खोटं कशाला बोलू, आवडायचंच. पण त्या दिवशी ते नको झालं. ठरवलं होतंच की मी एकदा, पित्त आहे म्हणून! आता मी बायपास म्हणाले आणि हे टेबलावरच गेले तर? स्टेंट म्हणाले आणि वर्षाने गेले तर?

"माका नाय ठरवूक जमणा," मी म्हणाले. "माका भीती वाटता हो. लय भीती वाटता." आणि रडू आलं. चौतीस वर्षांच्या संसारात ह्यांच्यासमोर मी भीती वाटते असं म्हणाले नव्हते.

हे उशीवरून मान उचलून डॉक्टरणीला म्हणाले, "बायपास करूया. लिवा तसा." आणि माझ्याकडे वळून, "दोघांनी घाबरान कसा चलतला?"

संमतीच्या कागदावर ह्यांनी सही केली, खाली मीही. मी सही करताना ह्यांनी कागद धरून ठेवला.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळपासून दुपार टळेपर्यंत मी बाकावर बसून होते. शेवटी सर्जन बाहेर आले, तीन ठिकाणी जोडलंय आणि सगळं व्यवस्थित झालंय म्हणाले. तरी पटेना. दुसऱ्या दिवशी ह्यांच्या घशातली नळी काढल्यावर मला पाच मिनिटं आत सोडलं. हे डोळे मिटून होते. मी हात हातात घेतला तसे उघडले. आवाज पार बसलेला. मी कान जवळ नेला.

"तुझा घाबरान संपला काय गो?"

"संपला," मी म्हणाले.

"मग आता माका वाईच घाबराक दी," असं म्हणून त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि ते लहान मुलासारखे रडू लागले.