फ्री की पेमेंट

आमच्याकडे डॉक्टरकीला लागलेल्या पोरीबद्दल लोक आधी एकच विचारतात, "फ्री की पेमेंट?" सरकारी कॉलेजलाही फी असते, पण खाजगीपुढे ती इतकी कमी, की तिला सरसकट फ्रीच म्हणतात. माझ्या साडभाऊची, म्हणजे साडूची, मुलगी फ्रीमध्ये लागली. माझी पेमेंटमध्ये. दोघींच्या मार्कांत फरक थोडाच. फीमध्ये मात्र आमच्या राहत्या घराएवढा.

बँकेनं ते घर तारण घेतलं आणि वर सांगितलं, पगारदार जामीनदार आणा, तरच कर्ज. माझं हिंगणघाटला कपड्यांचं दुकान. नात्यात बँकेला पटेल असा पगार एकाचाच, समुद्रपूरला मास्तर असलेल्या याच साडभाऊचा. आठवड्यात फी भरली नाही तर जागा जाणार होती.

सासरी जेवायला बसलो की वरणावर तूप त्याच्याच ताटात आधी पडतं, असं मला कितीतरी वर्षं वाटत आलंय. बायको म्हणते, "तुम्ही पाहून काऊन राह्यता?" आता त्याच्याकडेच मागायला जायचं. मुलीला घेऊन एसटीत बसलो आणि मागतोय असं न वाटता कसं मागावं, याची वाटभर उजळणी केली.

दारातच साळीनं, त्याच्या बायकोनं, पेढ्यांचा डबा पुढं केला. पेढे आमच्या घरी आधीच पोचले होते; हा डबा नवा होता. "घ्या न भाऊजी. अजून लोक येऊनच राह्यले." खरंच, एक शेजारी बसलेला होता. त्यानं माझ्या मुलीकडे पाहिलं. "हे बी डॉक्टर का? फ्री की पेमेंट?"

"अजून प्रक्रिया चालू आहे," मी म्हणालो.

"पेमेंट," मुलगी म्हणाली.

शेजारी उठून गेल्यावर साडभाऊनं विचारलं, "कसं काय येणं केलं?"

"सहजच. इकडून चाललो होतो." कुठं, ते मलाही सांगता आलं नसतं.

मग तो पोरीच्या होस्टेलचं सांगू लागला. मेसचं जेवण बेकार आहे म्हणे. ऐकून मला जरा बरं वाटलं. मी आणखी खोदून विचारणार, तेवढ्यात मुलगी बोलली, "मावसाजी, कर्जाले जामीनदार पायजे. बाबा तेच मागाले आले. मी नाई फेडू शकले तं हप्ता तुमच्या पगारातून जाईन."

साळी नवऱ्याकडे पाहत राहिली. तो मला म्हणाला, "मंग सांगायचं न. उद्या अर्धी रजा टाकतो, पगाराच्या स्लिपा घेऊन येतो बँकेत. माह्या पोरीले फ्री नसती भेटली तं मीबी तुमच्याकडेच आलो असतो."

"दुकानदाराची सही बँक घेत नाई," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याआधी बँकेत हजर होता. सही केली, चहाचे पैसेही त्यानंच दिले.

घरी आलो तर बायको म्हणाली, "काम झालं न? मंग तोंड काऊन असं?"

"एकदा तरी 'विचार करून सांगतो' म्हणायचं होतं त्यानं. आता कर्ज फिटेपर्यंत मी त्याच्यावर जळू कसा?"

"जमते तुम्हाले," ती म्हणाली. "सवय हाय."