घर वर असून खाली आहे

साऱ्या ग्वाल्हेरात आमच्या आतोबांइतकी घरे कुणी दाखवली नसतील आणि त्यांच्याइतकी कमी कुणी भाड्याने दिली नसतील. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. संस्थान विलीन झाले तेव्हा दरबारातले त्यांचे खातेच मोडीत निघाले आणि ज्या माणसाने जन्मात रुमालात बांधलेल्या कागदांपलीकडे काही हलवले नव्हते, तो लोकांची बिऱ्हाडे हलवायला निघाला. दलाल म्हटलेले त्यांना खपत नसे. अकरा घरांच्या किल्ल्या त्यांनी जानव्याला बांधल्या होत्या, त्यामुळे आमच्या दाना ओली गल्लीत आधी किल्ल्या ऐकू येत आणि मग आतोबा दिसत. पहिली काही वर्षे दैवाने हात दिला. नव्या राज्याची राजधानी उन्हाळ्यात इंदूरला आणि हिवाळ्यात आमच्याकडे असे, तेव्हा थंडी पडली की साहेबलोक आपणहून घर शोधत येत. हे आतोबा स्वतःचे कर्तृत्व समजत. मग राजधानी कायमची भोपाळला गेली. आम्ही सारे हबकलो. आतोबांनी कुलपांना तेल घातले. गिऱ्हाईक फिरकले नाही की तेल, आणि येऊन नाक मुरडून गेले की दोनदा तेल. उमेद टिकवण्याचा त्यांचा उपाय एवढाच. कुलपे बोट लावताच उघडत आणि आत कुणी राहत नसे.

त्यात त्यांची भाषा. हिंदीत खाली म्हणजे रिकामे, म्हणून आम्ही ग्वाल्हेरचे मराठी लोकही घर ‘खाली’ आहे म्हणतो. पण आतोबा ‘रिकामे’ हा शब्द तोंडातच येऊ देत नसत. मी एकदा कारण विचारले, तर म्हणाले, “रिकामा माणूस असतो. घर खाली असतं.” खाते मोडल्यावर लोक त्यांना वर्षभर काय म्हणत होते ते मला ठाऊक होते, तरी मी हसलो.

भोपाळला मुलाला सरकारी क्वार्टर मिळाले, तशी आत्याने निर्वाणीचे सांगितले: दिवाळीपर्यंत एक तरी घर भाड्याने द्या, नाहीतर गाशा गुंडाळा. आतोबा कबूल झाले. ग्वाल्हेर सोडायचे त्यांच्या मनातसुद्धा नव्हते. ऐन नवरात्रात पुण्याहून नव्याने आलेले एक प्राध्यापक त्यांना गवसले. “घर एकदम खाली आहे, तुम्ही बेफिकीर राहा,” असे आतोबांनी सांगून टाकले. प्राध्यापकांच्या पत्नीचे गुडघे दुखत. खाली म्हणजे तळमजला असे समजून दोघे हरखले आणि दुसऱ्याच दिवशी घर पाहायला आले. मीही बरोबर होतो. बाराव्या पायरीवर बाई कठडा धरून थांबल्या.

“अहो, घर खाली आहे म्हणालात ना?”

“खालीच आहे,” आतोबा वरून म्हणाले. “वर येऊन पाहून घ्या.”

बाई आणखी सहा पायऱ्या चढल्या, तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि तेच उत्तर त्यांना पुन्हा मिळाले. वर पोचल्यावर खोल्यांकडे न बघता त्यांनी उंबऱ्यातच बसकण मारली. ते बिऱ्हाड अर्थातच दुसरीकडे गेले. मी चूक समजावून दिली तेव्हा आतोबांनी सगळा दोष पुण्याच्या मराठीला दिला, कुलपात दोनदा तेल घातले आणि सकाळी जिन्याच्या रस्त्याकडच्या दारावर पाटी लावली: ‘घर वर असून खाली आहे.’ पाटी वाचायला आमचा अर्धा लश्कर भाग येऊन गेला. घर पाहायला कुणी वर चढले नाही.

दिवाळी झाली. आतोबांनी शब्द पाळला आणि अकरा किल्ल्या ज्याच्या त्याला परत केल्या. आत्या टांग्यात बसली होती. त्यांनी जानव्याची उरलेली एक किल्ली सोडून माझ्या हातात दिली. ती त्यांच्या स्वतःच्या घराची होती. तेल घालत जा, म्हणाले. मग टांग्याच्या पायरीवर पाय ठेवून जरा थांबले.

“कोणी विचारलं तर खाली म्हणू नकोस, घोटाळा होतो. रिकामं म्हण.”

इतकी वर्षे मी त्यांना हसत आलो होतो. त्या दिवशी फार वाईट वाटले.

दर रविवारी मी त्या कुलपात तेल घालतो. दोघातिघांनी घराची चौकशीही केली. मी त्यांना घर खाली आहे असेच सांगतो आणि मग कोणत्या मजल्यावर ते समजावत बसतो.