माईकबाईचा आवाज

एकवीस वर्षं ती बसस्टँडवरच्या काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठे लागली ते सांगत आली. सगळे तिला माईकबाई म्हणत. आवाज गावाला पाठ, चेहरा कुणाच्या ध्यानात नाही. ती बाहेर चहाला आली की शेजारचा माणूस तिलाच विचारी, "बाई, काय सांगितलं हो आत्ता माईकवर?"

मतदानाच्या दिवशी सकाळी घरोघरच्या फोनवर तिच्या आवाजात निरोप आला, की मतदान उद्यावर गेलंय, आज कुणी येऊ नये. ती तर असलं काही बोललीच नव्हती. स्टँडवरचा कंट्रोलर म्हणाला, हल्ली मशीनला थोडा आवाज ऐकवला की ते हवं ते बोलून देतं. आणि हिचा आवाज तर दिवसभर वाऱ्यावर सोडलेला.

मतदान संध्याकाळी सहापर्यंत. माईक कंट्रोलरच्या हवाली करून ती दारोदार निघाली. माईकशिवाय आवाज तोकडा पडायचा. लोक विचारत, तुम्ही कोण? आणि तिचाच निरोप तिला ऐकवत. पाय दुखायला लागले तशी ती घरी आली. थोरली जाऊ निवांत शेंगा सोलत बसली होती.

"जाऊबाई, उठा. मतदान आजच आहे."

"अगं, तूच तर सांगितलंस उद्या म्हणून."

"ती मी नव्हे. मी ही, तुमच्यासमोर उभी आहे."

"फोनवर आलंय म्हणजे वरून आलं असणार. तुला त्या खोलीत बसून काय कळतंय?"

एवढ्या वर्षांच्या संसारात जावेशी वाद जिंकल्याचं तिला आठवत नव्हतं. ती स्टँडवर परतली आणि तिने माईकवरून सांगितलं, मतदान आजच आहे, सकाळचा आवाज माझा नव्हता. बाकावरचा एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, "मग हा तरी तिचा कशावरून?" चार-दोन माणसं उठली. बाकीची बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी जाऊ ठेवणीतलं नेसून शाळेवर मतदानाला गेली. फाटकाला कुलूप. तिथे आणखी बरीच माणसं उभी होती म्हणे. घरी येऊन तिने पुन्हा शेंगा पुढ्यात घेतल्या. मग म्हणाली, "तू जरा जोरात सांगायचं होतंस."

माईकबाई कामावर गेली. तिने साडेचारची गाडी तीन नंबरला लागल्याचं सांगितलं. लोकांनी पिशव्या उचलल्या आणि आधी ड्रायव्हरला विचारायला गेले.